धरणावरची सकाळ

आमच्या गावाजवळ इसापूरचे धरण आहे. ते पैनगंगा नदीवर १९८२ साली झाले. माझे बाबा धरणात मासे धरतात. आम्ही भोई आहोत. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी धरण काठावरूनच पाहिले आहे, म्हणून मी मधले लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांचा जोडीदार तापाने पडला. डोंग्यात एकाने वल्हे धरायचे अन् एकाने जाळे ओढायचे असते. म्हणून बाबांनी मला नेले. आई म्हणाली, "काहून नेता त्याले? लहान आहे." बाबा म्हणाले, "पोयता येते त्याले." तरी आईने माझ्या कमरेला दोन रिकाम्या डबक्या बांधल्याच. मला लाज वाटली, पण अंधार होता.

पहाटे खूप थंडी होती. पाण्यावरून वाफ निघत होती. मी हात घातला तर पाणी कोमट! बाबा म्हणाले, हवा लवकर थंड होते, पाणी सावकाश होते.

जाळे आदल्या संध्याकाळीच लावलेले होते. बाबा ओढू लागले. आधी नुसती शेवाळ आली. मग एक कटला आला. त्याचे डोके केवढे मोठे! कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या पाण्यात राहतो. मिरगल तळाशी चिखलात चरतो. म्हणून तिघे एकाच धरणात राहतात तरी भांडत नाहीत. ह्यांची बोटाएवढी पिल्ले सोसायटी धरणात सोडते. झिंगे मात्र कोणी सोडत नाही, ते आपले आपण होतात. मला झिंगेच जास्त आवडतात.

अर्धे जाळे आले अन् अटकले. खाली बुडालेले झाड होते. धरण व्हायच्या आधी तिथे शेते होती. आबा सांगतात, आमची बाभूळ पण तिकडेच कुठेतरी आहे. बाबांनी इकडून ओढले, तिकडून ओढले. तेवढ्यात दिवस निघाला अन् वारा सुटला. लाटा डोंग्यात येऊ लागल्या. डोंगा जाळ्याने बांधल्यासारखा झाला होता, म्हणून तो लाटेवर वर उठेना.

बाबा म्हणाले, "वल्हं सोडू नको, तोंड वाऱ्याकडे ठेव." मी ठेवले. माझे हात भरून आले. बाबा जाळ्याकडे पाहत बसले. ते जाळे पोळ्याच्या आधीच उधारीवर घेतले होते. मग त्यांनी सुरी काढली अन् जाळे कापले. डोंगा एकदम हलका झाला. मी डबक्याने पाणी उपसले.

काठावर काट्यावर नऊ किलो मासे भरले. बाबा रस्त्याने काहीच बोलले नाहीत. घरी आईने जाळे पाहिले अन् विचारले, "बाकीचे कुठे आहे?" बाबा म्हणाले, "पोरगं आणलं ना घरी." आई मग काही बोलली नाही. तिने चूल पेटवली.

भूगोलात पैनगंगा आहे. ती वर्धा नदीला मिळते. वर्धा अन् वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते अन् गोदावरी समुद्रात. मी समुद्र पाहिला नाही. बाबांनीही नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरले की झाडांचे शेंडे वर निघतात. तेव्हा आम्ही उरलेले जाळे काढायला जाणार आहोत. तोवर आबा घरातल्या तुकड्याला नवीन दोरी ओवत आहेत.