दगड लागला तर?

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की माणसं आधी रंग ठरवतात. लाल, निळा, हिरवा, नारिंगी. गावाकडं तर घराण्यांची ओळखच रंगावर ठरलेली. निळ्या फोर्डवाल्यांच्या दारात लाल मॅसी उभी राहणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखं. रंग झाला की एचपीवर येतात. पस्तीस, बेचाळीस, पन्नास. त्यानंतर हप्ता. जयपूरजवळच्या माझ्या रानासाठी, निवृत्तीनंतर, मी आयुष्यातला पहिला ट्रॅक्टर घ्यायला निघालो, तेव्हा या तिन्हींविषयी मला ऐकावंच लागलं. मला मात्र एवढंच विचारायचं होतं की चालत्या औताला दगड लागला तर काय होतं?

हा प्रश्न माझा नव्हे, आमच्या तात्यांचा. तात्या म्हणजे थोरले चुलते. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या अंगाला. पावसाचा भरवसा नाही, जमीन बरड, वीतभर मातीखाली मुरूम. तात्यांची खिलार जोडी होती आणि वाटणीत आलेला किर्लोस्करी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हा लोखंडी नांगर 1903 साली काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते, असं सांगतात. आमच्या लहानपणी मात्र तोच देव झाला होता. वजनाला भारी, म्हणून सावडीनं दुसऱ्याची जोडी आणावी लागे. फाळ दगडाला लागला की बैल थांबत. हाकारा करावा लागत नसे, कासरा ओढावा लागत नसे. तात्या नांगर मागं घेत, पहारीनं दगड उकरत, बांधावर टाकत आणि मग पुढं. एका तासात तीन-चार वेळा असं झालं तरी त्यांच्या तोंडून शिवी आली नाही.

सत्तरच्या दशकात कॅनॉलच्या बाजूचा एक बागायतदार भाड्यानं ट्रॅक्टर पाठवू लागला. इंटरनॅशनलचा बी-275, पस्तीस एचपीचा. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी भागी करून 1963 मध्ये जो कारखाना उभा केला, त्यातला. त्या काळी ट्रॅक्टरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळं तो बांधावर आला की अख्खी आळी गोळा होई. आमच्या माळाच्या तुकड्यात त्याचा नांगर खडकात अडकला आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली. ड्रायव्हरनं वेळेवर क्लच दाबला म्हणून निभावलं. तात्या एवढंच म्हणाले, “ह्याला पायाखालचं कळत नाय.” भाडं चुकतं केलं आणि पुन्हा ट्रॅक्टर सांगितला नाही.

तात्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण याच वाक्यातलं कोडं सोडवण्यात हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं हयात घालवली. पहिल्या महायुद्धात धान्य वाढवण्यासाठी आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांची पाहणी त्याच्याकडं आली. मागं साखळीनं ओढलेला नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती उलटतो आणि ड्रायव्हर खाली सापडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं नांगर ओढायचा सोडून तो ट्रॅक्टरच्या अंगालाच तीन दांड्यांनी जोडला. खाली दोन, वर एक. नांगरावर जोर वाढला की वरची दांडी दाबली जाते, तो दाब हायड्रॉलिकला कळतो आणि नांगर आपोआप थोडा वर उचलला जातो. त्याच वेळी नांगराचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. 1938 मध्ये त्यानं आणि हेन्री फोर्डनं नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि पुढच्याच वर्षी हा ट्रॅक्टर बाजारात आला. आज जगातल्या जवळपास प्रत्येक शेती ट्रॅक्टरच्या पाठीमागं त्याच तीन दांड्या आहेत. आपल्याकडं माहितीपत्रकात ‘एडीडीसी’ असं छापलेलं असतं ते हेच. सीटच्या उजव्या बाजूला दोन दांडे असतात. एकानं अवजार वर-खाली होतं. दुसरा ड्राफ्टचा, म्हणजे नांगरावरच्या ओढीचा. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर हाकणारे कितीतरी ड्रायव्हर मी पाहिले, ज्यांनी तो दुसरा दांडा धूळ पुसण्यापलीकडं कधी हलवलेला नाही.

पाहिले म्हणजे बँकेच्या खुर्चीतून. नोकरीनं मला राजस्थानात आणलं आणि शेती कर्जाच्या टेबलावर बसवलं. मराठी माणूस जयपूरला नवा नाही. सवाई जयसिंहाच्या पदरी सम्राट जगन्नाथ हा महाराष्ट्री पंडित होता, त्यानं युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. मी आपला ट्रॅक्टरच्या फायली तपासत होतो. सातबाऱ्याच्या जागी इथं जमाबंदी, एकराच्या जागी बिघा. कर्जासाठी साधारण आठ एकर ओलिताची जमीन असावी असा त्या वेळचा दंडक. अर्जात विहीर विचारलेली असे, पिकं विचारलेली असत, जामीनदार विचारलेला असे. दगड किती, हा रकाना नव्हता.

सरकारनंही हा प्रश्न कधी फारसा विचारला नाही म्हणा. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन सैन्यानं मागं ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्रानं ट्रॅक्टर संघटना काढली, ती मध्य भारतातलं कांस गवत उपटायला. खोल मुळांच्या या गवतानं लाखो एकर जमीन पडीक केली होती. त्यासाठी ट्रॅक्टर घ्यायला 1949 मध्ये जागतिक बँकेनं एक कोटी डॉलर दिले. भारताला मिळालेलं त्या बँकेचं हे दुसरंच कर्ज. पुढं 1956 मध्ये सोव्हिएत यंत्रांच्या भेटीवर राजस्थानातच सूरतगडची यांत्रिक शेती उभी राहिली. सूरतगड मी पाहिलंय. क्षितिजापर्यंत सपाट, आणि दगड औषधाला नाही. तिथं ट्रॅक्टर सरळ रेषेत नुसता जात राहतो. आपल्या डोक्यात ट्रॅक्टरचं जे चित्र आहे ते तिथलं आहे, आणि विकणाऱ्यांच्या डोक्यातही तेच.

माझं रान तसं नाही. जमवारामगढच्या वाटेवर, अरवलीच्या पायथ्याशी बारा बिघे. आपल्या हिशेबानं साडेसात एकर. रामगढचा तलाव इथून जवळ. 1982 च्या एशियाडमध्ये नौकानयनाच्या शर्यती झाल्या तो हाच. पुढं तो आटत गेला, आणि जयपूरला पाणी आता बीसलपूरहून येतं. म्हणजे माझी शेती बाजरी, गवार, मोहरी आणि उताराला बोरीची झाडं, एवढीच होणार. दगड इथं आपल्यासारखा नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते; दोन-चार उन्हाळे नांगरट केली तर बरड रानही नरम पडतं. अरवलीचा क्वार्टझाइट कुजत नाही. तो फक्त तुटतो, आणि तुटला की त्याला धार येते. शेजारच्या ढाणीतले, म्हणजे वाडीवरचे, म्हातारे चौधरी पहिल्याच भेटीत म्हणाले, “भाटा तो ऊगै छै, साब.” दगड उगवतात. पाऊस बारीक माती वाहून नेतो, औत खालचं वर आणतं, आणि दर वर्षी नवं पीक हजर.

त्यात वेडी बाभूळ. इथं तिला विलायती बबूल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात परदेशातून आणलेलं हे झाड वाळवंट थोपवायला म्हणून राजस्थानभर पेरलं गेलं, आणि आता त्यालाच थोपवायची वेळ आलीय. जमिनीलगत कापलं तर एकाचे दहा फुटवे येतात. माती उकरून बुंधा वीतभर खालून तोडावा लागतो. काटा असा की ट्रॅक्टरच्या टायरमधून आरपार जातो. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर पंक्चर काढणाऱ्याचे हाल बघवत नाहीत.

हे सगळं काढायला मोठा ट्रॅक्टर घ्या, असा सल्ला मला सगळ्यांनी दिला. इथं माझं मत पक्कं आहे आणि ते बँकेत बसून झालेलं आहे. साफ करणं हे एकदाचं काम, राखणं हे कायमचं. एकदाच्या कामासाठी यंत्र विकत घेणारे शेतकरी मी हप्त्यात बुडताना पाहिलेत. जेसीबी तासावर मिळतो. जयपूरला तर 2014 पासून त्या कंपनीचा कारखानाच आहे. त्यानं माझी बाभळीची बुडखं उपसली, मोठे धोंडे उताराला आडवे ओळीनं मांडले. त्याच ताली, म्हणजे दगडी बांध. माती आता तिथं अडते. चौधरींनी एक खेजडी दाखवून ऑपरेटरला बजावलं होतं, तिला लागायचं नाही. आपली शमी ती. तिच्या सावलीतही बाजरी येते.

राहिला प्रश्न राखण्याचा, आणि त्यासाठी शोरूम. गुळगुळीत फरशी, हार घातलेला ट्रॅक्टर, वर स्पीकर. मी विचारलं, दगड लागला तर काय होतं? तरुण विक्रेता हसला. “साब, पचास एचपी है, पत्थर की क्या औकात!” दुसरीकडं रोटाव्हेटर सवलतीत देतो म्हणाले. दगडाच्या रानात रोटाव्हेटर म्हणजे पाती तुटणार, बोल्ट कातरले जाणार आणि मागं उभा असलेल्याच्या नडगीवर खडा बसणार. तिसरीकडं पल्टी नांगराचा आग्रह. माझ्याकडं माती आहे वीत-दीड वीत. ती पालथी घालून खालचा दगड वर आणायला मी पैसे का मोजावेत?

एचपीचा आकडाही नीट समजून घ्यावा लागतो. छापलेला असतो तो इंजिनाचा. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, त्याहून कमी मिळतो आणि प्रत्यक्ष ओढायला आणखी कमी. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, 1955 पासूनची. तिच्या अहवालात ओढ किती, लिफ्ट किती किलो उचलते, ब्रेक कसे, सगळं मोजलेलं असतं. घर घेताना नकाशा बघणारी माणसं ट्रॅक्टर घेताना हा अहवाल मागत नाहीत. मागावा. त्यात मला कळलं की दोन जवळपास सारख्या एचपीच्या ट्रॅक्टरांत वजनाचा फरक चांगलाच असू शकतो, आणि दगडाच्या उतारावर वजनच कामाला येतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी चौमूच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दिलं. त्यानं मला ट्रॅक्टर दाखवलाच नाही. कोपऱ्यात पडलेला स्प्रिंगचा कल्टिव्हेटर दाखवला. नऊ फण, प्रत्येकाला दोन जाड स्प्रिंगा. फणाला दगड लागला की तो मागं दबतो, दगडावरून चढतो आणि पलीकडं पुन्हा जागेवर येतो. बाकीचे आठ चालूच. “आधी हा ठरवा, मग त्याला ओढणारा,” तो म्हणाला. तात्यांचे बैल थांबायचे, हा थांबत नाही. पण पायाखालचं याला कळतं.

मग पुढचं सोपं झालं. चाळीसच्या आसपास एचपी, फोर-व्हील, कारण उतारावर सुट्या खड्यांत मागची दोन चाकं नुसती फिरतात. तेलात बुडालेले ब्रेक. पोटाखाली हातभर मोकळी जागा. डोक्यावर लोखंडी कमान आणि सीटबेल्ट, ज्याला विक्रेता ‘फालतू खर्चा’ म्हणाला. फोर-व्हीलला लाखभर जास्त गेले, ते घरच्यांना अजून पटलेले नाहीत. कंपनीचं नाव सांगत नाही, पत्रं येतील.

आता मे महिन्यात एकदा उथळ वखरणी, पावसाआधी एकदा फण, आणि वर्षभर ट्रॉलीतून दगड वेचून तालीवर टाकणं. दगड अजून हातानंच वेचावे लागतात, त्याला यंत्र नाही असं नाही, पण साडेसात एकरांना ते परवडत नाही. एखादा धोंडा ओढायचाच झाला तर साखळी खालच्या ड्रॉबारला, कधीही वरच्या दांडीला नाही. वर बांधली की फर्ग्युसननं शंभर वर्षांपूर्वी पाहिलं तेच होतं, ट्रॅक्टर मागं उलटतो. नव्या ड्रायव्हरला मी चावी द्यायच्या आधी हे म्हणून दाखवायला लावतो.

भारतात आता वर्षाला नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले जातात, जगात सर्वांत जास्त. त्यातला एखादा तुम्ही माळरानासाठी, कातळाच्या सड्यासाठी किंवा माझ्यासारख्या डोंगराच्या पायथ्यासाठी घेणार असाल, तर शोरूमच्या फरशीवर चावी हातात घेऊ नका. डेमो स्वतःच्या रानात मागा, कल्टिव्हेटर जोडून, सगळ्यात वाईट तुकड्यात आणि उतारावर. आमच्याकडं तशी पद्धत नाही असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या दुकानात जा.