उकिरड्याची दैना

माहीम सुटलं की खिडकीबाहेर न बघताही कळायचं, आता वांद्रं. गाडी खाडीच्या पुलावर यायच्या आतच डब्यात रुमाल निघायचे. पेंगणारा माणूस दचकून उठायचा आणि दाराकडे सरकायचा. गावाकडून पहिल्यांदा आलेला पाहुणा "काय मेलंय काय?" असं विचारायचा आणि रोजचे प्रवासी उगाच हसायचे. सत्तरच्या दशकातली मुंबई आठवायची म्हटलं की लोक इराणी हॉटेलं आणि गिरणीचे भोंगे आठवतात. मला आधी हा वास आठवतो.

त्यात मिठी नदीचा वाटा होता, धारावीत कातडी कमावायचे त्याचा होता आणि खाडीकाठच्या डम्पिंगचाही होता. माझा मामा माटुंगा लेबर कॅम्पात राहायचा. सुट्टीत आम्ही तिकडे असलो की दुपारनंतर वारा फिरायचा आणि मामी न बोलता उठून पश्चिमेकडची खिडकी लावून घ्यायची. संध्याकाळी कचरा पेटलेला असला तर धूर कॅम्पापर्यंत यायचा. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. आम्हा पोरांना मात्र त्या बाजूची ओढ होती, कारण तिथे घारी होत्या. एकाच वेळी इतक्या घारी मी नंतर कुठेच पाहिल्या नाहीत. पालिकेची गाडी रिकामी झाली की त्या खाली यायच्या आणि भंगार वेचणाऱ्या बायका त्यांना हातातल्या आकड्याने हुसकायच्या.

एवढं असूनही खाडी मेलेली नव्हती, हे आज सांगितलं तर कोणाला पटत नाही. धारावी कोळीवाड्यातली एक मावशी पाटी घेऊन कॅम्पात यायची. पाटीत चिंबोऱ्या, थोडी कोळंबी आणि निवट्या. निवट्या जिवंत असायच्या. मामी त्या टोपात घेऊन वर ताट झाकायची तरी एखादी उसळी मारून मोरीत पडायची, मग आम्ही तिच्यामागे. राखेत घोळून, चोळून, चार पाण्यांनी धुतल्या की त्यांचा बुळबुळीतपणा जायचा. कोकम घातलेलं ते कालवण मी मिटक्या मारत खाल्लेलं आहे. ते पाणी किती शुद्ध होतं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आज कोणी विचारू नये.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. आमच्या या उकिरड्याला जास्त लागली. 1977 च्या सुमाराला इथे कचरा टाकणं थांबलं. त्याच दशकात पलीकडच्या काठावरची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी चालू झाली होती. मग अलीकडची सदतीस एकर कशी वाचली? माझा आपला अंदाज असा की तेव्हा ती कोणाला फुकटही नको होती. पायाखाली कचरा, शेजारी धारावी, समोर गटार झालेली नदी. अशा ठिकाणी टॉवर कोण बांधणार? नको असलेली जमीन होती म्हणूनच तिच्यावर एक वेडगळ कल्पना खपली. इथे रान करा, ही सूचना 'डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया'च्या निसर्गप्रेमी मंडळींची. जमीन सरकारी आणि पैसा एमएमआरडीएचा असला तरी रानाचा हट्ट या लोकांचा. सरकारी खात्याने आपल्या मनाने केलं असतं तर हिरवळ, कारंजं आणि एक सिमेंटचा जिराफ झाला असता.

1983 साली पहिलं झाड लावलं पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी. वय शहाऐंशी. त्या वयात माणूस आपल्या दारात तुळस लावतानाही विचार करतो. हे कचऱ्याच्या ढिगावर वृक्ष लावत होते. बाग लोकांसाठी उघडली ती 22 एप्रिल 1994 ला, वसुंधरा दिनी. सालिम अली 1987 मध्येच गेले होते.

कचऱ्यावर झाड लावणं दिसतं तितकं सोपं नाही. खाली ओला कचरा वर्षानुवर्षं कुजत असतो, त्यातून मिथेन निघतो, उष्णता निघते. मुळांना हवा लागते, तिथे त्यांना गॅस मिळतो. जमीन मध्येच खचते. म्हणून आधी वर मातीचा थर द्यायचा, चिवट झाडं पुढे करायची, त्यांचा पालापाचोळा पडून जरा कस आला की मग नाजूक मंडळींना आणायचं. जे मेलं ते पुन्हा लावायचं. हे काम फीत कापून होत नाही, फोटोतही नीट येत नाही.

आज फाटकातून आत गेलं की सायन-वांद्रे लिंक रोडवरचे हॉर्न हळूहळू मागे पडतात. पूर्ण थांबत नाहीत, मुंबई आहे. वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, वाटेवर सावली, पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं. फुलपाखरांचा फोटो काढायला कॉलेजची पोरं ओणवी होऊन तासन्‌तास थांबलेली असतात. बाग म्हणजे गुलाबाचे वाफे असं डोक्यात घेऊन आलेली माणसं थोडी हिरमुसतात. एका बाई नवऱ्याला म्हणाल्या, "जंगलच वाढलंय सगळं, कोणी कापत नाही वाटतं." एवढी मोठी पावती कोणी दिली नसेल.

एका पावसाळ्यानंतर वाटेच्या कडेला एक झाड आडवं झालेलं पाहिलं. मुळांसकट उपटलेलं. मुळांना लगडलेल्या मातीत एका रबरी चपलेचा पट्टा, काचेच्या बाटलीचं बूड, कसल्यातरी चिंध्या आणि प्लास्टिकची एक पिशवी, जिच्यावरचा निळा रंगही पुरता गेला नव्हता. मूळ त्या पिशवीला वळसा घालून पुढे गेलं होतं. आमचाच कचरा, कदाचित लेबर कॅम्पातला. मी खाली बसून बराच वेळ बघत राहिलो. रखवालदाराला वाटलं मला चक्कर आली.

जुन्या-नव्याचा हिशेब इथे मात्र सरळ लागत नाही. काठ सुधारला, नदी नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यापासून निघालेली मिठी साधारण अठरा किलोमीटर येते आणि वाटेत शहर तिला जे देतं ते सगळं घेऊन या रानाच्या मागून माहीमच्या खाडीत जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की हा नाला नसून नदी आहे. त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण झालं, पुराच्या चौकशीची चितळे समिती झाली, पात्र रुंद केलं, भिंती बांधल्या, दरवर्षी गाळ निघतो. पाणी काळं ते काळंच. मामीला एकदा बाग दाखवायला नेलं होतं. झाडं बघून खूश झाली, प्रत्येक पाटी वाचली, मग म्हणाली, "आणि खाडी?" मागच्या बाजूला तिवरांच्या फटीतून दाखवली. पदर आपोआप नाकाला गेला. "हिला कोणी झाड लावलं नाही वाटतं," म्हणाली. बाजारात निवट्या आता उरण-पनवेलकडून येतात, हे ऐकून तिला झाडांच्या आनंदापेक्षा जास्त वाईट वाटलं. मला तिचं पटतं.

दरम्यान त्या नको असलेल्या जमिनीचं दैव असं उघडलं की तेच धोक्याचं झालं. समोर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, शेजारी धारावीच्या पुनर्विकासाचे नकाशे पसरले आणि एका नकाशात बाग प्रकल्पाच्या हद्दीत दिसली. पुन्हा धावले ते नागरिकच. हरकती घेतल्या, सह्या गोळा केल्या, पर्यावरणाचं काम करणारी मंडळी न्यायालयात गेली. बाग प्रकल्पात नाही, हे सरकारी बाजूला तिथे सांगणं भाग पडलं. या लढणाऱ्यांत अशी कितीतरी तरुण पोरं असतील ज्यांनी ते डम्पिंग पाहिलेलंच नाही. रान इथे पहिल्यापासून होतं असं धरून ती चालतात. आम्ही "इथे ना पूर्वी..." असं सुरू केलं की मान डोलावतात, आणि वर काही फडफडलं की आमचं वाक्य अर्धं सोडून दुर्बीण डोळ्याला लावतात.