यादी घरी असावी

दिवाळी जवळ आली, की नागपूरला ताईकडे फराळ पाठवण्याची आमच्या घरी गडबड उडते. आई डब्यांवर नुसते आकडे घालते. आणि कोणत्या डब्यात काय, कोणत्या घाण्यातले, हे वहीत लिहून ठेवते. “डब्यावरच का लिहीत नाहीस?” असे मी एकदा विचारले. “अरे, वाटेत सगळ्यांना कळायचं काय कारण?” ती म्हणाली. मी हसलो. पोटासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने खरे तर हसायला नको होते.

आम्ही लिहितो तो प्रोग्राम माणसाला वाचता येतो. त्यात नावे असतात, ओळी असतात. कंपायलर त्याची यंत्रभाषा करतो, तेव्हा उरतात बहुतेक आकडेच. मात्र आधी सांगून ठेवले, तर कोणता आकडा कोणत्या ओळीतून आला याची नोंद तो सोबत जोडून देतो. लिनक्सवर या नोंदीच्या पद्धतीला ‘ड्वॉर्फ’ म्हणतात. ड्वॉर्फ म्हणजे बुटका. पण हा बुटका पुष्कळदा खुद्द प्रोग्रामहून कितीतरी मोठा होऊन बसतो!

मला नीटनेटकेपणाची भारी हौस. एका गिऱ्हाइकाला प्रोग्राम देताना मी ती सारी नोंद ‘स्ट्रिप’ नावाच्या आज्ञेने खरवडून टाकली. फाइल हलकी झाली, आतली नावे परक्यांच्या नजरेआड गेली. वेग मात्र होता तेवढाच राहिला. कारण प्रोग्राम चालताना ती नोंद एरवी स्मृतीत येतच नाही.

आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर आली ती नुसत्या आकड्यांची रांग. नोंदीसह तो पुन्हा बनवून पाहिला. पण मधल्या काळात आमचा कंपायलर बदललेला, आकडे जुळेनात. धाकटी मुलगी फुलबाजी घेऊन दारात बराच वेळ उभी होती. मी वर पाहिले तेव्हा ती झोपून गेली होती. चूक सापडली भाऊबीजेला. एका ओळीची होती.

तेव्हापासून मी नोंद खरवडतो, पण फेकत नाही. वेगळ्या फाइलीत घरी ठेवतो. प्रोग्राम आणि नोंद या दोहोंवर एकच खूणक्रमांक असतो; तो जुळला तरच ती नोंद त्या प्रोग्रामची. प्रत्येक आवृत्तीची नोंद जपायची म्हणजे जागा जाते. शिवाय वेगासाठी कंपायलरने ओळींची उलथापालथ केली असेल, तर नोंदही कधी चकवते. पण काळोखात चाचपडण्यापेक्षा तेवढे चकणे पत्करले.

परवा ताईचा फोन आला. “आई, तीन नंबरची चकली खवट लागते गं.”

“वही आण रे,” आई मला म्हणाली. “मागच्या वर्षीची नको, यंदाची.” पान उलटून तिने ताईला सांगितले, “पाच नंबरचा डबाही त्याच तेलातला. तोही खाऊ नका.”

या वेळी मी हसलो नाही.