कुंपणालगतची जागा

वहिनी म्हणतात, पेरूच लाव. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पुण्याच्या गणेशखिंड बागेतून निवडलेला ‘सरदार’, म्हणजेच लखनौ-४९, याचं कलम दोन-तीन वर्षांत फळाला येतं. नव्या फुटीवर फुलं येत असल्यामुळे छाटून झाड आटोपशीर ठेवता येतं. पावसाळी बहराला फळमाशी छळते, तेवढ्या पिशव्या बांधायच्या.

पण माझा जीव सीताफळात गुंतलाय, तो त्याच्या फुलामुळे. तीन जाडसर, हिरवट पाकळ्या, मान खाली घातलेली. कुणाचं लक्षच जात नाही. हे फूल आधी मादी असतं. पाकळ्या जेमतेम विलगतात तेव्हा आतला भाग ओला, चिकट असतो. पूर्ण उमलून पराग सुटेपर्यंत तो वाळून जातो, त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग सहसा उपयोगी पडत नाही. बारीकसे भुंगेरे या फुलातून त्या फुलात ये-जा करतात, म्हणून फळ धरतं. ते फिरकले नाहीत, तर आपण बारीक कुंचला घ्यावा आणि उमललेल्या फुलातला पराग अर्धवट मिटलेल्या फुलात हलकेच फिरवावा. हे काम करायला मिळणार, याचाच मला केवढा आनंद आहे!

शिवाय पाणी बेताचं लागतं आणि पानांना शेळ्या तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात झाड उघडंबोडकं दिसेल, चालेल. डोळे उघडलेलं फळ स्वतःच्या हाताने उतरवण्याचं सुख मंडईत मिळत नाही.

सीताफळच लावायचं. खड्डा खणून झालाय. उद्या शेणखत आणायचं आहे.