बांडगूळ नव्हे, ऑर्किड

आमच्या नंदुरबारच्या घरात ऑर्किडची एक कुंडी आहे. पाहुणे विचारतात, "बाजी, हे बांडगूळ कशाला पोसता?" हा शब्द लोक माणसांनाही चिकटवतात, म्हणून कानाला लागतो. बांडगूळ झाडात मुळे घुसवून रस ओढते. ऑर्किड, अगदी आंब्यावर वाढणारेसुद्धा, फांदीचा नुसता आधार घेते. खरा रस ओढतो तो पानांच्या बेचक्यातला पांढरा पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने मी तो पुसते, आठवड्याने पुन्हा पाहते. बुरशी मात्र आपल्याच लाडाने येते. रोज पाणी घातले की मुळे कुजतात. मऊ, तपकिरी मुळे कापून टोकांना दालचिनीची पूड लावते. उरलेली मुळे पांढरट दिसली तरच पाणी. वर्गात मुलांनाही सांगते, नावे ठेवण्याआधी मुळे पाहा.