एका माणसाचा वाटा

शिमगा आटोपला की निपाणीहून खानापूरच्या रानाकडं जायचं, हा आमचा दोघांचा नेम होता. जांबोटीच्या पुढं मुख्य रस्ता सोडून आत गेलं की तिचं माहेर. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतरच्या शिमग्याला मी घरातच बसून राहिलो. यंदा मात्र मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला. ‘‘जावईबापू, गावात मटणाचे वाटे घातल्यात. तुमचा एक धरलाय. या.’’

तंबाखूच्या वासाची निपाणी मागं टाकून बस स्तवनिधीचा घाट ओलांडते आणि संकेश्वर, हत्तरगी करत सुमारे पाऊणशे किलोमीटरवरचं बेळगाव गाठते. तिथून पिरनवाडीला चोर्ल्याचा रस्ता धरायचा. किणये मागं पडलं की झाडी दाटू लागते. हाच रस्ता पुढं मलप्रभेच्या उगमाला, कणकुंबीला जातो. याच तालुक्यात २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं.

एके काळी हे दिवस शिकारीचे. पानगळ झालेली, झरे आटत आलेले. जनावर पाणवठ्याला यायचंच. मराठीत सांबर, कन्नडात कडवे. पोरवयात मामा हाका घालायला जायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला वेसण घातली आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्याची हौसेची शिकारही संपली. ‘‘बरंच झालं,’’ मामा म्हणतात, ‘‘न्हाईतर आम्हीच रान रिकामं केलं असतं.’’

शिकार गेली, पण वाटे राहिले. आता चार-सहा घरं मिळून बोकड घेतात. पानांवर सारखे ढीग लावायचे, काळीज-कलेजीचा तुकडा प्रत्येकात पडला की नाही ते बघायचं. मामा सांगत होते, ‘‘सांबर पडलं की ज्या घरचा गडी रानात आला न्हाई, त्याबी घराला वाटा. जिथं गडीच उरला न्हाई, त्या घराला आधी.’’ हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मामी जाऊन त्यांना नऊ वर्षं झालीत.

माझा वाटा बघून मी म्हणालो, ‘‘मामा, एकट्यानं एवढ्याचं काय करायचं?’’ खरं तर हाच माझा रोजचा प्रश्न. एका माणसासाठी कांदा चिरावा, वाटण करावं, असं वाटतच नाही. मग चहा-खारी नाहीतर खानावळीचा डबा. शेजारच्या कन्नड अज्जी दारातून विचारतात, ‘‘ऊटा आतेन्री?’’ मी रोज खोटंच ‘आतरी’ म्हणतो.

मामांनी उत्तर दिलं नाही. पाट आणि सुरी पुढं केली. ‘‘चान्या करायच्या. बसा.’’

मांडीचं मांस हाडापासून सोडवायचं. चरबी काढून टाकायची, ती लवकर खवट होते. मग धाग्याच्या दिशेनं बोटभर जाडीच्या लांब पट्ट्या कापायच्या. मीठ-हळद चांगली चोळायची. मीठ आतलं पाणी ओढून घेतं. पट्ट्या एकमेकींना चिकटू न देता दोरीवर घालायच्या. दिवसा ऊन, वर माशा बसू नयेत म्हणून पातळ फडकं. रात्री चुलीच्या वर, धुरात. फाल्गुनातली हवा कोरडी म्हणून हे जमतं. पावसाळ्यात बुरशीच धरायची. वाकवल्यावर पट्टी कट्‌कन मोडली की झाली. सांबराच्याही अशाच करत. एवढं जनावर एका दिवसात कोण खाणार?

माझ्या पहिल्या पट्ट्या कुठं जाड, कुठं फाटलेल्या. मामा हसले. ‘‘तिला बरं जमायचं. दहा वर्षांची असल्यापासून कापायची.’’ दोन वर्षांत तिचं नाव असं सहज, हसत कुणी काढलं नव्हतं. मग आम्ही बराच वेळ तिच्याबद्दल बोललो, हात चालू ठेवून. नुसतं समोरासमोर बसलो असतो तर जमलं नसतं.

चार दिवस राहिलो. निघताना मामांनी डबा भरून दिला. ‘‘एका टायमाला चार काढायच्या. निखाऱ्यावर भाजून ठेचायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या आणि कांद्यावर परतायच्या. एका माणसाला भाकरीबरोबर पुरतंय. मीबी तसंच करतो.’’

नऊ वर्षं मामा एकटे जेवताहेत, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

निपाणीला आलो. त्या रात्री गॅसवरच चार चान्या भाजल्या, एक कांदा चिरला. घरभर वास सुटला. अज्जी दारात आल्या. ‘‘ऊटा आतेन्री?’’

‘‘इन्नू इल्ल अज्जी,’’ मी खरं ते सांगितलं. ‘‘आता बसतोय. तुमच्यासाठीबी वाटीभर काढतो.’’

मग मामांना फोन लावला. तेही नुकतेच ताटावर बसले होते.