पन्ह्यातली बिअर

या मे महिन्यात आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. सौ. बीदरची, मी आदिलाबादचा. १९५६ पर्यंत दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती, पण सासुरवाडीला माझे कानडी ऐकून अजूनही पदर तोंडाला लावले जातात. आमची मुले मराठीत आणि कानडीत भांडतात, समेट मात्र तेलुगूत करतात.

जेवण गच्चीवर ठरले. बीदरहून मेहुणी आणि साडू, कोरपन्याहून माझे चुलतभाऊ. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हा पैनगंगा ओलांडून आमची ख्यालीखुशाली विचारायला येण्याचे त्यांचे प्रेम फारच वाढले होते! आता तिकडेही सारे मिळते, पण प्रेम टिकून आहे.

मला स्वतःला बिअरचा कडवटपणा सोसत नाही. म्हणून शँडीचा बेत केला. इंग्रज लोक बिअरमध्ये लेमोनेड घालून शँडी करतात. जर्मन त्यालाच राडलर म्हणतात, म्हणजे सायकलस्वार. आपल्याकडे मे महिन्यात लेमोनेड कशाला? घरात कैरीचे पन्हे होतेच.

गणित आधी मांडले. स्ट्राँग बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. निम्मी मिसळ केली तरी चार उरतो, म्हणजे जवळजवळ साधी बिअरच झाली. म्हणून पाच टक्क्यांच्या आतली माइल्ड आणली. ६५० मिलीची एक बाटली, ४०० मिली दाट पन्हे, २५० मिली सोडा. यात २०० मिलीचे सहा पेले भरून घोटभर उरते, आणि मद्यार्क अडीच टक्क्यांच्या आत राहतो. पन्हे बारीक गाळणीतून गाळून घ्यावे आणि सगळे बर्फासारखे थंड हवे. आधी पन्हे, मग सोडा, शेवटी पेला तिरपा धरून बिअर हळूच. ढवळायचे नाही.

मिठाने मात्र फजिती केली. आदल्या दिवशी चव पाहताना चिमूटभर मीठ थेट पेल्यात टाकले, तर फेस उसळून ताटात! मिठाच्या कणांवर विरलेला वायू एकदम बुडबुडे धरतो. मग पेल्याच्या काठाला लिंबू फिरवून तिथे मीठ लावले. कैरीचा आंबटपणा, गूळ आणि मागून येणारा कडूपणा, चव खरोखर जमली. वेलदोड्याने बिअरचा वासही झाकला. मला त्याचाच अभिमान वाटत होता.

संध्याकाळी दोन जग भरले. एकात नुसते पन्हे, दुसऱ्यात माझा प्रयोग. रंग तोच, पेले तेच. फेस पाच मिनिटांत बसला. सोबत उटनूरच्या महिलांनी केलेले मोहाच्या फुलांचे लाडू होते. कोरपन्याचे भाऊ म्हणाले, "मोहाचे नुसते लाडू? काय दिवस आले!" हशा झाला. त्या गडबडीत पुतण्याने ट्रे फिरवला.

साडूंनी पेला उचलला, तोंडाशी नेला आणि थांबले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "इदराग एनद?"

यात काय आहे, एवढाच प्रश्न. आणि मला उत्तर येईना. मी त्यांच्या हातातला पेला घेऊन घोट घेतला. मागून कडू लागले.

साडूंनी दारू सोडल्याला दोन वर्षे झाली, हे मला माहीत होते. ते डायसल्फिरमची गोळी घेतात, हे मात्र स्वयंपाकघरात मेहुणीने सांगितले तेव्हा कळले. ही गोळी चालू असताना थोडासा मद्यार्क पोटात गेला तरी चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, कधी जिवावर बेतते. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे धोका राहतो. "भाऊजी, अडीच टक्के काय आणि आठ काय," ती म्हणाली. रागावली नव्हती, तेच जास्त लागले. वीस वर्षे आम्ही एका ताटात जेवतो, आणि बोलवताना मी त्यांना इतकेच विचारले होते की गाडी कितीची आहे.

पुतण्या एकोणीस वर्षांचा. तेलंगणात मद्याला एकविसाची अट आहे, आणि मी त्याच्याच हाती ट्रे दिला होता. हे सौ.ने नंतर ऐकवले, जरा सविस्तर.

मी दुसरा जग मोरीत ओतला. भावांना बाटल्या तशाच दिल्या, काचेच्या पेल्यांसह, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. पन्हे स्टीलच्या गडव्यांत फिरले. साडूंनी तीन गडवे घेतले आणि मुलांना बीदरच्या किल्ल्याच्या गोष्टी सांगत उशिरापर्यंत बसले. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढले नाही.

सकाळी निघताना त्यांनीच पन्ह्याची बाटली मागितली. "यावर नाव लिहा," म्हणाले. मी कानडी अक्षरांत मोठ्या हौसेने 'मावीनकाई पानक' लिहिले. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरली, माझ्या खिशातले पेन काढले आणि दोन ठिकाणी चूक दुरुस्त केली.